चाळीस नंबरवरचा देवमासा

मी खोटं बोलत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझी लेक तुम्हाला वेगळंच काहीतरी सांगेल. घडलेली गोष्ट मी फक्त जरा वाढवते. ऐन जेवणाच्या वेळेला चार माणसं जास्तीची आली की सूपमध्ये पाणी घालतोच ना आपण? त्याला कुणी खोटं सूप म्हणत नाही.

तर आता जे सांगतेय त्यात पाणी कुठे कुठे आहे, ते तुमचं तुम्ही ओळखा.

गाडीमागे कॅरॅव्हान, म्हणजे चाकांवरचं घर, जोडून चालवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. आमच्या गावात, पोर्ट पिरीत, कुणालाही विचारा. बरं, नका विचारू. इतकी वर्षं कॅरॅव्हान चालवायचा तो माझा नवरा, बेव्हन, आणि मी शेजारी बसून बोलायचे. पण शेजारी बसून जो ‘ब्रेक मार, ब्रेक मार’ म्हणत असतो, खरी गाडी तोच चालवत असतो. तेव्हा या खेपेला मी फक्त खुर्ची बदलली.

का बदलली, ते सांगते.

बेव्हनचा सगळा जन्म धान्याच्या कोठारावर गेला, वजनकाट्यापाशी. गव्हाचा ट्रक काट्यावर चढायचा, हा आकडा वाचायचा, ट्रक उतरायचा. असा माणूस नवरा म्हणून मिळाला तर माझ्यासारखीचे काय हाल होतील, विचार करा. मी लोकांना सांगायला सुरुवात करायचे की डेड डॉग खाडीत आम्ही पहिल्यांदा मासा धरला तो दरवाजाएवढा होता, की कोपऱ्यातून आवाज यायचाच, “नाही, ग्लेनिस. पावणेचार किलो.” मी म्हणायचे, वादळ आलं होतं, छपरं उडाली. “नाही, ग्लेनिस. वारा होता.” लग्नात, बारशात, मयताच्या जेवणात. एकदा तर मी भुलीतून जागी होत होते आणि नर्सला काहीतरी सांगत होते, तेव्हासुद्धा. त्या ‘नाही, ग्लेनिस’चा मला इतका वैताग यायचा की मी एकदा त्याच्या डोक्यावर केक टाकला होता. अख्खा, तीन मजली.

मजले दोन होते. बघा, आता हे मलाच सांगावं लागतंय.

मागच्या नाताळात सगळी नातवंडं जमली होती. मी माशाची गोष्ट काढली. मासा दरवाजाएवढा केला आणि नेहमीप्रमाणे थांबले. आमच्या घरात तिथे थांबायचं असतं, तशी पद्धतच आहे. पोरंसुद्धा आजोबांकडे बघत बसली. बेव्हन हसला आणि म्हणाला, “हो, केवढा मोठा होता.”

पोरं खिदळली. त्यांना वाटलं, आजोबा शेवटी हरले. मी स्वयंपाकघरात गेले आणि स्वच्छ बशा परत घासत बसले.

मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. एका तरुण बाईने बेव्हनला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. त्याने काढलं, पण आकडे सगळे एका बाजूला, जणू घड्याळ तिरकं धरलं म्हणून घरंगळले. तीच बाई मला म्हणाली, ओळखीच्या जागी नेलं तर कधीकधी जुनं काही वर येतं. ती ‘कधीकधी’ म्हणाली होती. मी तेवढा शब्द तिच्या टेबलावरच सोडून आले.

मला फार काही नको होतं. त्याच्या तोंडून एकदा ‘नाही, ग्लेनिस’ ऐकायचं होतं, बस. आणि ते यायचं असेल तर डेड डॉग खाडीतच येणार, अशी माझी खात्री होती. मासा तिथे धरला होता. त्याने मला लग्नाचंही तिथेच विचारलं होतं, गुडघ्यावर बसून, मागे सूर्य मावळताना.

लेक म्हणाली, “आई, वेड लागलंय का तुला? नलारबोरचं माळरान आहे ते. झाड नाही, माणूस नाही, फोन लागत नाही. आणि बाबांना घेऊन?”

“बाबांना न घेता कशी जाऊ, लीॲन? मासा त्यांनी धरला होता.”

शेवटी तिने एकच अट घातली, गाडीतला रेडिओ बंद करायचा नाही. चाळीस नंबरवर ठेवायचा. मोठ्या रस्त्यावर सगळे ट्रकवाले चाळीसवरच बोलतात. काही झालं तर बटण दाबायचं, बोलायचं, कुणीतरी येतं. अट मला मान्य होती. बोलायची अट मी आजवर कधी मोडलेली नाही.

रेडिओ आमचा म्हातारा, आमच्याहून थोडासाच धाकटा. त्याचा हातात धरायचा, बटणवाला माईक, वळ्यावळ्यांच्या वायरीला लोंबणारा, सारखा माझ्या गुडघ्यावर आपटायचा. सेडुना गाव सोडताना मी तो दोन सीटच्या मधे खोचला आणि हलू नये म्हणून वर बिस्किटांचा डबा ठेवला. ओटची बिस्किटं, घरची, विटांसारखी जड. पॅक बसला.

“लाल दिवा लागलाय,” बेव्हन रेडिओकडे बघून म्हणाला.

“हो रे. छान आहे ना?”

“छान आहे,” तो म्हणाला.

इथेच तुम्हाला सगळं कळलं असेल. मला कळलं नाही. मी गाडी चालवत होते.

समुद्र त्याच्या बाजूला होता, माझ्या बाजूला खुरटी झुडपं. समोरून येणारा प्रत्येक जण नमस्कार म्हणून स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचा, मीही उचलायचे. बेव्हनही उचलायचा, रिकाम्या हवेतल्या स्टिअरिंगवरून. ते मी बघून न बघितल्यासारखं करायचे.

वाटेत कड्यावर लोक समुद्र बघायला थांबतात, तिथे आम्ही थांबलो होतो. शेजारी एक जोडपं, त्यांचीही कॅरॅव्हान. बाईच्या डोक्यावर टोपी अशी, की मी गाडीत बसल्या बसल्या म्हटलं, “बेव्हन, ती टोपी बघितलीस? डोक्यावर पेलिकन येऊन बसलाय आणि त्याला आता उठायचं नाहीये.”

बेव्हन खूप हसला. मग म्हणाला, “आपण कुठे चाललोय?”

“डेड डॉग खाडीत. मासा धरलास तिथे.”

“मोठा होता?”

मी मनात म्हटलं, हीच वेळ. म्हटलं, “शार्क होता, बेव्हन.”

“अरे वा.”

शार्क त्याला चालला. पुढच्या टेकाडाला मी शार्कचे दोन शार्क केले. चालले. मग मी देवमासा आणला. आपली ती इवलीशी होडी, तिला देवमासा गळासकट ओढत नेतोय, तू एका हाताने दोरी धरलीयस, दुसऱ्या हाताने मला, आणि आपण राज्याची हद्द ओलांडून पश्चिमेला पोचलो, तिथे बाहेरची फळं आत नेऊ देत नाहीत, तर तपासनाक्यावरच्या माणसाने देवमाशाला अडवून विचारलं की फळं, भाज्या, मध काही बरोबर आहे का. पूर्वीचा बेव्हन काट्यापाशी असता तर या वजनाने त्याचा काटाच मोडला असता. मी दर वाक्याला थांबत होते. दर वाक्याला तो म्हणत होता, “हो का? मग?”

आरशात बघितलं तर मागे ट्रकांची ही लांब रांग. एरवी ट्रकवाला रेडिओवर सांगतो, पुढची कॅरॅव्हान, मी पुढे काढतोय, आणि आपण वेग जरा कमी करतो. इथे रेडिओतून चकार शब्द नाही. मला वाटलं, हल्लीची पोरं किती शिस्तीची झाली आहेत. बाईमाणसाचा मान ठेवतात.

देवमाशानंतर माझ्याकडे मोठं काही उरलं नाही. समुद्रात त्याहून मोठं काही असतंच कुठे? मी गप्प बसले. मी गप्प बसले हे ऐकून लीॲन अजूनही म्हणते, आई, हे मात्र वाढवून सांगतेस.

मग मी म्हटलं, “बेव्हन, एकदा ‘नाही’ म्हण ना.”

“कशाला?”

“कशालाही. मी इतकं खोटं बोलतेय. इतकं तर मी बिशपसमोरसुद्धा बोलले नव्हते. एकदा म्हण, नाही, ग्लेनिस. परत नाही मागणार.”

त्याने समुद्राकडे बघितलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “नाही कशाला म्हणू? तू किती छान सांगतेस.”

नलारबोरवर रस्ता सरळ असतो ते एक बरं. डोळ्यांत पाणी असलं तरी गाडी आपली आपण जाते.

पुढच्या पेट्रोलपंपावर जेवायला थांबलो, आणि तिथून विचित्र प्रकार सुरू झाले.

मी उतरते तोच एका माणसाने धावत येऊन माझं दार धरलं. दुसऱ्याने बेव्हनला हात दिला आणि म्हणाला, “या, आजोबा, सावकाश.” आत गेले तर गल्ल्यावरची पोरगी माझ्याकडे बघून डोळे पुसायला लागली. मी दोन मीट-पाय मागितले, खिमा भरलेल्या कचोरीसारखे असतात ते, सॉस घालून. तिने तीन दिले, आणि वर माझा हात दाबला. मी ओठांना लाली लावली होती त्या दिवशी, तेव्हा मला वाटलं, असेल.

तेवढ्यात ती टोपी समोर आली. टोपीखाली बाई.

“मी नोलीन,” ती म्हणाली. “पेलिकन उठवू का? का बसू दे?”

 ही बाई मनातलं ओळखते, मला वाटलं. मी मनात घाईघाईने तिच्या टोपीची स्तुती सुरू केली.

“ओळखत नाही हो मी मनातलं,” ती म्हणाली. बहुतेक मी मोठ्याने बोलत होते.

मग मागून एक अवाढव्य ट्रकवाला आला. लाल दाढी, दंड माझ्या कंबरेएवढे. कंबरेची गोष्ट खरी आहे, फक्त कंबर माझी एकोणिसाव्या वर्षीची. त्याने टोपी काढली आणि छातीशी धरली, मयताला गेल्यावर धरतात तशी.

“आजी, मी मॅनोली. तो देवमासा. तपासनाक्यावर त्याने काय सांगितलं? मधेच टेकाड आलं आणि तुमचा आवाज गेला.”

“कोणता देवमासा?” मी म्हटलं.

“आजी, तुमच्या रेडिओचं बटण दाबलेलं आहे. सकाळपासून.”

आता एक सांगते. एकाचं बटण दाबलेलं असलं की जवळपासच्या बाकी कुणाला त्या नंबरावर बोलता येत नाही. फक्त ऐकता येतं. आणि ज्याचं बटण दाबलेलं असतं, त्याला रेडिओवरून कुणाचंच काही ऐकू येत नाही. मी पळत गाडीकडे गेले. बिस्किटांचा डबा उचलला. लाल दिवा विझला. रेडिओने एकदम श्वास सोडला आणि त्यातून सात-आठ माणसं एकाच वेळी बोलायला लागली. त्यातला एक कुणाला तरी म्हणत होता, “अरे, गेली वाटतं ती. मग शेवटी ‘नाही’ म्हणाला का तो?”

भुईने मला पोटात घेतलं असतं तर मी ‘आभारी आहे’ म्हणून आत शिरले असते. पण नलारबोरची भुई खडकाळ, ती कुणाला घेत नाही.

मॅनोली दारात उभा होता. “लाजू नका, आजी. आम्ही सगळे वाटच बघत होतो. तुम्ही दोन शार्क म्हणालात तेव्हा मी केबिनमध्ये एकटा बसून ओरडलो, नाही, ग्लेनिस!”

मागून कुणीतरी म्हणालं, “मीपण.”

“तुमचं ‘नाही’ काय कामाचं,” मी म्हटलं. आणि आत जाऊन तिसरा मीट-पाय खाल्ला. दुःखात मला भूक लागते, त्याला इलाज नाही.

डेड डॉग खाडीला पोचलो तेव्हा उन्हं उतरत होती. मेला कुत्रा तिथे कुणी कधी बघितलेला नाही, त्याच्या तीन वेगवेगळ्या कथा मीच पसरवलेल्या आहेत. मागोमाग नोलीन आणि तिचा नवरा ग्रॅहम आले. आणखी दोन कॅरॅव्हान आल्या. सगळ्यांना म्हणे आज तिथेच मुक्काम करायचा होता. मॅनोली वर मोठ्या रस्त्यावर ट्रक थांबवून झोपणार होता. जाताना म्हणाला, “आजी, ‘नाही’ म्हणाला तर चाळीसवर कळवा. झोप लागणार नाही मला.”

सूर्य मावळायच्या वेळेला कॅरॅव्हानवाले बाहेर बसतात. ज्याने त्याने आपली खुर्ची आणायची, आपला ग्लास आणायचा, बशीतलं मात्र सगळ्यांचं. मी विटा वाटल्या, म्हणजे बिस्किटं. बेव्हनला मधे बसवलं, तोंड पाण्याकडे. तेच पाणी. तेच दोन काळे खडक. वाळूला तोच शेवाळाचा वास. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, केक फुगतोय का ते ओव्हनच्या काचेतून बघतो तसं.

बेव्हन म्हणाला, “छान जागा आहे. इथे आधी कधी आलो नव्हतो.”

सगळ्यांनी आपापल्या ग्लासात बघितलं.

“नाही ना,” मी म्हटलं. “पहिल्यांदाच.” आणि माशाची गोष्ट सांगायला लागले, कारण तोंड उघडं ठेवलं की रडू येत नाही. दरवाजा, शार्क, देवमासा, सगळं. लोक हसले. लग्नाचं विचारलं तो भागही सांगितला, गुडघ्यावर बसून, मागे सूर्य. नोलीनने टोपी काढून मांडीवर ठेवली. बेव्हनला मधेच कंटाळा आला. तो उठला आणि आमच्या गाडीत, आपल्या खुर्चीत जाऊन बसला. त्याला गाडीत बसायला आवडतं. किल्ली माझ्या खिशात होती.

मी बशा गोळा करत होते. ग्रॅहमच्या गाडीचं दार उघडं होतं, आतला रेडिओ कुरकुरला. मॅनोलीचा आवाज.

“आजी, काय झालं? म्हणाला का?”

थोडी खरखर. मग बेव्हनचा आवाज. त्याने आमच्या रेडिओचा माईक उचलला होता.

“कोण बोलतंय?”

“आजोबा? मी मॅनोली. ट्रकवाला. सहज विचारतो, तो मासा केवढा होता?”

“मासा?” बेव्हन म्हणाला. असं म्हणाला, जणू कोठाराच्या खिडकीतून डोकं काढलंय आणि खाली ट्रक उभा आहे. “पावणेचार किलो. माझी बायको देवमासा सांगेल. विश्वास ठेवू नका. आणि लग्नाचं मी विचारलं म्हणून सांगते, तेही काही खरं नाही. मी मासा साफ करत होतो. तीच म्हणाली, करतोस का माझ्याशी लग्न. मी म्हटलं, हात धुऊन येतो.”

माझ्या हातात बशा होत्या, त्या मी तशाच धरून ठेवल्या.

मॅनोली म्हणाला, “मग ती सांगते तेव्हा तुम्ही काही म्हणत नाही?”

“माशाचं ‘नाही’ म्हणतो. वजन म्हणजे वजन. लग्नाच्या गोष्टीला काही म्हणत नाही. तिला तसंच आवडतं.” मग म्हणाला, “तिला सांगू नका हं.”

“नाही सांगत. आत्ता कुठे आहे ती?”

रेडिओ नुसता खरखरला.

“घरी असेल,” बेव्हन म्हणाला. “आज मला इथवर एका बाईने आणलं. गाडी बरी चालवते. जरा हळू. बोलते फार. पण भली बाई आहे. घरी गेल्यावर ग्लेनिसला तिच्याबद्दल सांगायला पाहिजे. तिला आवडेल ती.”

नोलीनने माझ्या हातातल्या बशा काढून घेतल्या. मी गाडीकडे चालत गेले. वाळूत चालायला नेहमीच वेळ लागतो.

मी शेजारी जाऊन बसले. तो माझ्याकडे बघून हसला, भल्या बाईकडे बघून हसतात तसा. रेडिओचा माईक त्याने मांडीखाली ठेवून दिला होता.

मी विचारलं, “बेव्हन, मासा केवढा होता?”

मघाशीच सांगितलं होतं त्याने, सगळ्या खाडीला. मला फक्त एकदा माझ्यासाठी ऐकायचं होतं. त्याने दोन्ही हात उचलले. पसरले. आणखी पसरले. एक हात खिडकीतून बाहेर गेला, दुसरा माझ्या नाकापर्यंत आला.

“एवढा,” तो म्हणाला. “देवमासाच म्हण ना.”

डोळे असे चमकत होते त्याचे, लबाड पोरासारखे. इतक्या वर्षांत माझ्याकडून काहीतरी शिकला म्हणायचा.

मी त्याचा नाकाजवळचा हात धरला आणि खाली घेतला.

“नाही, बेव्हन,” मी म्हटलं. “पावणेचार किलो.”

कुणीतरी म्हणायलाच हवं ना ते.

तो जरा हिरमुसला. मला फार बरं वाटलं. हिरमुसल्यावर काय वाटतं ते मला अगदी आतून माहीत आहे. म्हणून मी त्याला सांगितलं, की मोठा मात्र दिसत होता हं, उन्हात. आणि मग सांगितलं, की लग्नाचं मीच विचारलं होतं, आणि तू हात धुऊन आलास, तरी हाताला वास येतच होता.

तेवढ्यात मला तो लाल दिवा दिसला. माईक त्याच्या मांडीखाली, बटण दाबलेलं. पलीकडे सगळ्या खुर्च्या आमच्याकडे तोंड करून बसलेल्या, आणि ग्रॅहमच्या गाडीतून माझाच आवाज अर्ध्या क्षणाने येत होता.

तेव्हा कुणी तुम्हाला सांगितलं की ग्लेनिस जन्मात कधी खरं बोललेली नाही, तर त्याला चाळीस नंबरवाल्यांकडे पाठवा. साक्षीदार भरपूर आहेत. हजारएक तरी असतील.

बरं, सहा.